उरेब झग्याची दुमड

१४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

अक्षर ओळखलंस ना? अजून तसंच आहे, ओळ सोडून वर चढणारं. तू एका नाटक कंपनीच्या कपडेपटात आहेस एवढंच कानावर आलंय, म्हणून पत्र कंपनीच्याच पत्त्यावर टाकते आहे. पोचलं तर पोचलं.

एका शब्दासाठी लिहिते आहे, हसू नकोस. परवा दुपारी नवं कापड अंगावर धरून आरशासमोर उभी होते. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला आणि त्या कापडावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पडला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "उरेब." तू गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. आईला विचारलं, उरेब म्हणजे नक्की काय ग? "मला काय विचारतेस," म्हणाली आणि उठून आत गेली. कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिरपं म्हणा ना ताई. उरेब-बिरेब आता कोण बोलतंय."

पण तिरपं म्हणजे उरेब नव्हे ना? तिरपी तर भिंतही असते आणि टोपीही. दादाच्या सुतारकामात तिरपं म्हणजे सरळ सरळ चुकलेलं. गुण्या लावून बघतो, काटकोन जमला नाही की फळी परत रंध्याखाली. तू मात्र "उरेब" म्हणायचीस तेव्हा तुझा आवाज हळू व्हायचा. मी खाली बसून चुंबकाने टाचण्या गोळा करत असायचे, आणि मला वाटायचं, वहिनी कापडाच्या कानात काहीतरी सांगते आहे.

तर मला नीट सांग, या शब्दाचा अर्थ काय, तो कशाला लावायचा, आणि उरेब कापतात कसं. एक पायघोळ झगा शिवायचा आहे. डिसेंबरात घरी लग्न आहे. कापड रेशमी, फिकट राखाडी, हातात म्हणून ठरत नाही. तुझं मशीन अजून खिडकीपाशीच आहे. आई अधूनमधून त्यात तेल घालते, गंजेल म्हणते.

बाकी सगळं ठीक. दादा बरा आहे, हल्ली हसतोसुद्धा.

तुझी,
टाचणी


२ ऑक्टोबर

टाचणीबाई,

तुझं पत्र दारावरच्या रखवालदाराने घेतलं आणि विसरू नये म्हणून समोर टांगलेल्या राजाच्या अंगरख्याच्या खिशात घातलं. राजा तसाच रंगमंचावर गेला. दोन अंक तुझ्या पत्राने राज्य केलं, मग माझ्या हाती आलं. अक्षर बघून मी जिन्याच्या पायऱ्यांवरच बसले. राजाला माझ्या अंगावरून उडी मारून जावं लागलं.

मी कपडेपटाच्या वरच्या खोलीत राहते. जमिनीच्या फळ्यांत फटी आहेत. खालचं दार कुणी उघडलं की शेदोनशे कपडे एकदम हलतात आणि तो आवाज वर येतो. दुपारी डोळा लागला की मला वाटतं, खाली माणसं जमली आहेत, हळू आवाजात बोलत आहेत, आणि कुणालाच कसली घाई नाही. इथे मला बरं वाटतं.

आता तुझा शब्द. तिरपं डोळ्यांना दिसतं. तिरकस असतं ते बोलणं, त्यात आईंचा हात कुणी धरणार नाही. कलती असते दुपार. वाकडं असतं ते तोंड, आणि नाचता न येणाऱ्याचं अंगण. उरेब यांतलं काहीच नाही. तो शब्द फक्त कापडाचा. लाकडाला उरेब नाही, लोखंडाला नाही. कापडात एक उभा धागा असतो, एक आडवा. दोघेही आपापल्या जागी ताठ. दोघांच्या मधून, कुणाचीच बाजू न घेता जी वाट जाते तिचं नाव उरेब. त्या वाटेवर धागा नसतोच. म्हणून तर तिथे कापड मोकळं असतं.

कापड जमिनीवर पसर, टेबलावर नको. कडेवरून लोंबलं की स्वतःच्या वजनानेच ताणलं जातं. एकच पदर ठेव. उभी किनार उचल आणि आडव्या कडेवर आणून बसव. जी घडी पडेल ती उरेब. दोन्ही हातांत धरून हलकेच ओढून बघ. उभं ओढलंस तर कापड ऐकत नाही, आडवं ओढलंस तर नाइलाजाने थोडं ऐकतं, उरेब ओढलंस तर लवतं आणि सोडलं की परत येतं. कापड जास्त लागेल, कोपरे वाया जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. शिवताना बोटांनी किंचित ताण देत जा, नाहीतर अंगात घालताना टाके तटातट तुटतील. इतक्या लांबून शिकवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण तुझा हात चांगला आहे.

शिवून झालं की खालची दुमड घाल, इस्त्री कर, झालं.

कुणासाठी शिवते आहेस ते तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही. जी घालणार आहे तिला शोभून दिसो. दादा हसतो हे वाचून बरं वाटलं.

वहिनी


१७ ऑक्टोबर

टाचणी,

तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहिते आहे, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नाही, मी ठेवली.

उरेब झगा शिवला की लगेच दुमड घालायची नसते. तो खांद्यांवर टांगायचा आणि आठवडाभर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तो हळूहळू खाली उतरतो. सगळीकडून सारखा नाही. जिथे कापड खरं उरेब आहे तिथे जास्त, जिथे धागा सरळ आला तिथे कमी. त्याला हवं तेवढं उतरू द्यायचं, मग जिचा आहे तिला घालून उभं करायचं, दुसऱ्या कुणीतरी जमिनीवर गुडघे टेकून चारी बाजूंनी सारख्या उंचीवर खडूची खूण करायची, आणि मगच कापायचं. आधी दुमड घातलीस तर चार दिवसांत घेराची दैना होईल.

हे मला माहीत असून मी लिहिलं नाही. घरात लग्न आहे, दादा हसतो आहे, तू कुणाचं नाव लिहीत नाहीस. मी काय समजायचं ते समजले. मनात आलं, नव्या सुनेच्या झग्याचा घेर मी का सांभाळू? पत्र टाकून आले आणि त्या दिवसापासून कुठल्याही कपड्याला हात लावला की चोरी केल्यासारखं वाटतं. कापडाने माझं काय घोडं मारलं होतं? आणि त्या बाईने तरी? तुझ्या दादाचं चांगलं होत असेल तर होऊ दे, हे मी मनापासून लिहिते आहे. निदान अर्ध्या मनापासून तरी.

दुमड घातली नसशील तर घालू नकोस.

वहिनी


२५ ऑक्टोबर

वहिनी,

घातली. तुझं हे पत्र आलं त्याच्या पाच दिवस आधीच घातली, बारीक टाक्यांची, तुला दाखवावी अशी. मग झगा कपाटाच्या दाराला टांगला आणि रोज जाता-येता त्याच्यावर खूश होत होते. तिसऱ्या दिवशी वाटलं माझेच डोळे फिरले. पाचव्या दिवशी घालून बघितला: पुढून घोट्याच्या वर, दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळतोय, आणि मागे दुमडीला दोन पोटं आली आहेत. मी आरशासमोर रडत बसले आणि तेवढ्यात पोस्टमन आला. तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं, आधी चिडले, मग इतकी हसले की आई बघायला आली.

अग वेडे, लग्न माझं आहे!

दादाचं कसलं लग्न घेऊन बसलीस. तो नाकासमोर चालणारा माणूस, त्याच्या नाकासमोर अजून फक्त फळ्याच आहेत. हसतो कारण माझा होणारा नवरा त्याला पोहायला शिकवतो आहे. हो, तोच त्याचा धंदा, तलावावर लोकांना पोहायला शिकवायचं. त्याच्या केसांना कायम तलावाच्या औषधाचा वास येतो. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "पाण्यावर पडून राहा, हात-पाय मारू नका." मी म्हटलं, बुडेन ना. म्हणाला, "मी आहे की." एवढ्यावर मी विरघळले. तू म्हणशील, स्वस्तात गेली.

मी नाव लिहिलं नाही कारण ते मला तोंडाने सांगायचं होतं. शब्दाचा अर्थ विचारणं हे निमित्त होतं वहिनी. नुसतं "ये" म्हटलं असतं तर तू उत्तरच दिलं नसतंस. शब्दाला मात्र तू उत्तर देणार हे मला ठाऊक होतं.

तर आता म्हणते: ये. १४ डिसेंबरला आहे. कार्यालयात सह्या, मग घरी मोजकी माणसं. तू या घरात आलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझी वेणी तू घातलीस, माझं पहिलं पोलकं तू शिवलंस. तू नसशील तर मला ते लग्न झाल्यासारखंच वाटणार नाही.

आईचं मात्र खरं ते सांगते. मी तुझं नाव काढलं तर म्हणाली, "मला न सांगता गेली, आता मला न विचारता येऊ नये." मी म्हटलं, मग विचारते ना. तर म्हणाली, "तू कोण विचारणारी?" मग उठून मशीनला तेल घालत बसली.

तुझी,
नवरी आणि टाचणी


५ नोव्हेंबर

माझी बाई ती,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. पत्र वाचून मी खाली गेले आणि राण्यांच्या कपड्यांत तोंड खुपसून पोटभर रडले. आनंदाने, आणि लाजेने. ज्या घेराचा मी सूड घेतला तो तुझा निघाला.

पण मी येणार नाही. आईंचं बरोबर आहे. ट्रंक घेऊन मी दारातून बाहेर पडले तेव्हा त्या मागच्या अंगणात होत्या, कपडे वाळत घालत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला जाऊ दिलं नसतं, आणि त्यांचं मी ऐकलं असतं. तुझ्या दादावर माझा राग नाही. आम्ही कधी भांडलोसुद्धा नाही. घरात दोन माणसं गप्प बसली की तिसऱ्याला वाटतं शांतता आहे. आम्ही दोघं त्या शांततेत हळूहळू बुजून चाललो होतो. त्याच्यापासून निघणं मला जमलं. आईंसमोरून निघणं जमलं नसतं, म्हणून पाठीमागून निघाले. आता त्यांच्या घरात मंगल कार्याच्या दिवशी मी कुठल्या तोंडाने उभी राहू?

झगा मात्र मला पाठव. दुमड उसवू नकोस, मी उसवते. इथे लाकडी पुतळे आहेत, त्यांच्यावर चढवून घेर सारखा करीन. थोडा आखूड होईल, चप्पल दिसेल, तर चप्पल चांगली घे. लग्नाच्या आधी तुझ्या हातात असेल.

वहिनी


१२ नोव्हेंबर

वहिनी,

झगा पाठवते आहे. मी रुसले आहे हे वेगळं लिहायला नको, अक्षरावरून कळेल.

खोका दादाने केला. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरत होते, तर म्हणाला, "चेपेल." पत्ता वाचला. दुकानात गेला आणि पातळ फळ्यांचा हा खोका करून आणला, आतून कागद लावून. मग म्हणाला, "तिला लिही, मी बरा आहे. आणि ती आली तर मी कुठे पळून जाणार नाही. घरातच असेन." दादाच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं मी पहिल्यांदा ऐकली.

 खोक्याला दोरी बांधताना गाठीवर बोट आईने धरलं.

टाचणी


३० नोव्हेंबर

टाचणी,

झगा आला त्याच दिवशी दुमड उसवली आणि तो माझ्या खोलीत, खिडकीपासून लांब टांगला. दोन आठवडे मी त्याच्यासोबत राहते आहे. सकाळी डोळे उघडले की तो समोर असतो, फिकट, पाय नसलेला, काल होता त्याहून जरासा लांब. मी त्याला कधीही उतरताना पाहिलं नाही. पण रोज तो उतरलेला असतो. खालून कुणी दार उघडलं की फळ्यांतून वारा येतो आणि तो अर्धा वळतो. एकदा मी झोपेतच त्याला म्हटलं, "सरळ उभी राहा ग." मग जागी होऊन स्वतःलाच हसले.

एक स्वप्न सांगते. आपलं अख्खं गाव उरेब कापलेलं होतं. रस्ते या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेले, घरं कललेली, पण एकही पडत नव्हतं. माणसं जरा झुकून चालत होती आणि कुणाला त्याचं नवल नव्हतं. आपल्या मागच्या अंगणात आई कपडे वाळत घालत होत्या. दोरी तिरपी, आणि कपडे सगळे घरंगळत माझ्याकडे येत होते. मी ते एकेक झेलत होते, घड्या घालत होते. आई वळून बघत नव्हत्या, पण पुढचा कपडा टाकायच्या आधी माझे हात मोकळे होईपर्यंत थांबत होत्या. जागी झाले तर उशी ओली.

आता कामाचं. झगा उतरायचा थांबला आहे. काल तो पुतळ्यावर चढवला, खडू हातात घेतला, खुणा केल्या. पुसल्या. पुन्हा केल्या, पुन्हा पुसल्या. पुतळ्याचे दोन्ही खांदे सारखे आहेत. तुझा डावा खांदा उजव्याहून खाली आहे, शाळेचं दप्तर तू कायम त्याच खांद्यावर घेतलंस. मी पुतळ्याच्या उजव्या खांद्यावर चिंध्या भरून बघितल्या. पण किती भरायच्या? मला आठवते ती तीन वर्षांपूर्वीची टाचणी. तीन वर्षांत माणसाचं उभं राहणं बदलतं. आता तू कुणाचातरी हात धरून उभी राहणार आहेस. आठवणीवरून घेर कापला तर तो माझ्या आठवणीला बसेल, तुला बसणार नाही.

तेव्हा मी येते आहे. तेरा तारखेला दुपारच्या गाडीने. झगा घेऊन येते आहे आणि त्याला दुमड घातलेली नाही. ती तुला घालून, तुझ्यासमोर गुडघे टेकूनच घालता येईल. यात माझा कावाही आहे, तो लपवत नाही. आईंनी मला दारातून परत पाठवलं तर नवरीला विनादुमडीचा झगा घालून सह्या करायला जावं लागेल. असं त्या होऊ देणार नाहीत एवढाच मला आधार आहे.

पण त्यांना न विचारता यायचं नाही, हे माझ्या लक्षात आहे. तू कोण विचारणारी, असं त्या तुला म्हणाल्या ना? तर मी विचारते. हे पत्र त्यांना वाचून दाखव, सगळं. ट्रंकेचं मी आधी लिहिलं तेही दाखव. आई, मी हाक मारायला हवी होती. येऊ का?

वहिनी


६ डिसेंबर

वहिनी,

वाचून दाखवलं. दोन्ही पत्रं, पहिल्या ओळीपासून. चहाच्या वेळी, स्वयंपाकघरात. आई भांडी पुसत होती. ट्रंकेचं आलं तेव्हा हातातली ताटली तिने पुन्हा पुसली, ती कोरडीच होती. स्वप्नाचं आलं तेव्हा पाठ करून उभी राहिली. "येऊ का" वाचलं आणि मी थांबले. तिने पुढचं भांडं पुसायला घेतलं. दादा दारात उभा होता.

मला वाटलं संपलं सगळं. मी पत्राची घडी घातली.

मग ती ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, "मी त्या दिवशी बघितलं होतं तिला जाताना. मीही हाक मारली नाही."   मग तिने डोळे पुसले, त्याच फडक्याने, आणि माझ्यावरच खेकसली, "बघत काय बसलीस? इथली फरशी थंडीत बर्फ होते. तिच्या गुडघ्यांखाली घालायला जाड काहीतरी काढून ठेव."

टाचणी